पाटलाची पाटीलच राहिले

माझं माहेरचं आडनाव पाटील आणि सासरचंही पाटील, त्यामुळे लग्नानंतर आधार, पॅन सगळीकडे फक्त मधलं नाव बदललं. एका ठिकाणी तर काउंटरवरच्या मॅडम दोनदा म्हणाल्या, अहो इथे नवीन आडनाव लिहा ना. म्हटलं हेच नवीन आहे!

पुण्यात पाटील सांगितलं की लगेच "कोल्हापूर का सांगली?" जळगाव म्हटलं की मग "लेवा का?" तेही नाही. आता कुठून सुरुवात करणार. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा पाटील, शहाद्याकडे गुजर पाटील, आमच्या अमळनेर, पारोळा, धुळे पट्ट्यात मराठा पाटील, शिवाय राजपूत पाटील पण आहेतच. शाळेत आमचा निम्मा वर्ग पाटील होता, बाई हजेरी घेताना वडिलांच्या नावासकट घ्यायच्या तरी दोन पोरं एकदम "हजर" म्हणायची.

मुळात हे आडनाव नाहीच, हुद्दा आहे. जुन्या ताम्रपटांत पट्टकिल असा शब्द येतो, त्याचंच पुढे पाटील झालं असं मानतात. कुलकर्णी हिशोब लिहायचा, पाटील सारा वसूल करायचा. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलांचं वंशपरंपरेचं पद गेलं पण नाव कोण सोडतंय, ज्या भाऊबंदांच्या घरात पाटीलकी कधी आलीच नाही तेही पाटीलच लिहितात. हे फक्त पाटलांचंच नाही म्हणा, बहिणाबाई आसोद्याच्या महाजन, जळगावच्या चौधरींकडे दिल्या, दोन्ही नावं मानाची आणि हुद्द्याचीच.

मग खरं आडनाव कोणतं? ते सोयरीक जमवताना बाहेर येतं. बघायला आलेल्या माझ्या आजेसासूने पोहे हातात घ्यायच्या आधीच विचारलं होतं, "पाटील ते शे, पन तुमनं कूळ कोनतं?" आम्ही बोरसे, ते देसले. एकच कूळ निघालं असतं तर चहा पिऊन परत गेले असते, कारण एका कुळात सोयरीक होत नाही.

आणि कूळ कळायची दुसरी जागा म्हणजे कानबाईचे रोट, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा नैवेद्य. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजून घेतात आणि ते दळून रोट होतात. ते खायचे फक्त भाऊबंदांनी, बाहेरच्याला देत नाहीत. आमच्याकडे लेक सासरी गेली की तीही बाहेरची. म्हणजे बघा, सरकारी कागदावर माझं आडनाव होतं तेच आहे पण रोट बदलले, आणि लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सासरी पुरणपोळीचं ताट पुढे होतं तरी मला माहेरच्या रोटाचीच आठवण येत होती, वेडेपणा नुसता.

यंदा भावाला मुलगा झाला, आईने फोनवर हौसेने सांगितलं की सव्वा मूठ वाढली. भावाची मोठी मुलगी सहा वर्षांची आहे, मागून तिचा आवाज आला, माझी मूठ कुठेय?

आई म्हणाली, तू खा ना माय पोटभर.