अजून दोन वर्षं खेळला असतात की!

हे मी लग्नात ऐकलंय, मयताला ऐकलंय, कँटीनमध्ये तर रोज ऐकतो. पुढचा प्रश्न ठरलेला: गुडघा गेला म्हणून कोच झालात, की प्रो कबड्डीने घेतलं नाही म्हणून? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

गुडघा दुखत होता, खोटं कशाला बोलू. 2014 मध्ये लीग सुरू झाली तेव्हा माझी तिशी उलटली होती. कुणी बोलावलं नाही, त्याचं वाईटही वाटलं. पण व्यावसायिक गटात कंपनीच्या संघातली माझी लेफ्ट कॉर्नरची, म्हणजे बचावात डाव्या टोकाची, जागा पक्की होती. ती कुणी काढून घेतली नव्हती.

उपांत्य सामना. 31-31. शेवटची चढाई त्यांची, आमचे पाच जण आत. माझ्या शेजारी लेफ्ट इनला, म्हणजे कॉर्नरच्या आतल्या जागेवर, 19 वर्षांचा पोरगा, त्याचा डावा हात माझ्या उजव्या हातात. चढाईपटू माझ्या अंगावर आला, त्याने पाय टाकला आणि मी घोट्यावर झेपावलो. बोटं नुसती मोज्यावर घासली. तोवर तो मध्यरेषेपार. सामना गेला. मी मॅटवरून उठता उठता सगळ्यांदेखत त्या पोरावर ओरडलो, "आत का नाही आलास? झोपला होतास का?" तो काहीच बोलला नाही. बाहीने तोंड पुसलं आणि बॅग उचलली.

रात्री कुणीतरी मोबाइलवरचं शूटिंग पाठवलं. दहादा बघितलं. हात धरून साखळी केली की दोघांनी एकदम जायचं असतं, त्याआधी हात दाबून इशारा द्यायचा असतो. मी हात दाबलाच नव्हता, सरळ सोडला होता. पोरगा तरी माझ्यामागून आलाच होता, मोकळा पडलेला हात पुढे करून.

फोन केला नाही. सरावाला भेटेल तेव्हा बोलू, म्हटलं. तो सरावाला आला नाही. नंतरही नाही.

तेव्हाचा मी आजही भांडतो माझ्याशी: एका चुकीपायी कुणी खेळ सोडतं का? नाही सोडत. मीही चुकीपायी नाही सोडला. त्या ओरडण्यापायी सोडला. आत होतो तोवर माझी पकड आणि माझी जागा, एवढंच मला दिसायचं.

पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोच व्हायचा सहा आठवड्यांचा कोर्स केला. भारताचा कर्णधार राहिलेला अनुपकुमार 2018 च्या डिसेंबरात निवृत्त झाला, पुढच्याच वर्षी प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणचा कोच झाला. त्याला आपण मोठी जबाबदारी म्हणतो. मग मी मंडळाच्या पोरांना शिकवतो, ती हार कशी?

सरावाआधी दहा मिनिटं पोरांना जोडीने उभं करतो. डोळे मिटायचे, हात धरायचा, दाबला की एकदम पाऊल टाकायचं. पालक विचारतात, पकड कधी शिकवणार? हीच पकड आहे हो.

खेळायची आठवण येते, रोज येते. बाहेर उभा असलो तरी चढाईपटूचा पाय आत आला की माझे हात पुढे जातात.

परवा पुन्हा ओरडलो, एका पंधरा वर्षांच्या लेफ्ट इनवर. लगेच शिट्टी काढून ठेवली आणि त्याच्याजवळ गेलो. तो मान खाली घालून उभा होता. काय बोलावं ते सुचलं नाही. बराच वेळ तसाच उभा राहिलो.