एका सेंटची वंशावळ

12 नोव्हेंबर 2025 ला इथे अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे सेंट, म्हणजे बोलीभाषेतल्या पेन्या, पाडले गेले आणि लगेच मला नाशिकहून विचारणा सुरू झाली. तिकडची पेनी बंद झाली म्हणे, तुझ्याकडे बरणीभर असतील, जपून ठेव, पुढे सोन्याचा भाव येईल. इतक्या जणांनी विचारलं, की म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं.

बरणीतल्या पेन्यांना भाव येणार नाही. एक सेंट पाडायला 3.69 सेंट खर्च होत होता, म्हणून सरकारने ते काम थांबवलं. पण आधी पाडलेली अब्जावधी नाणी घराघरांत, गाड्यांच्या कप्प्यांत पडून आहेत आणि ती आजही चालतात. ज्या सेंटांना खरी किंमत आहे ते निराळे. ते मी या हिवाळ्यात तळहातावर घेऊन, भिंगाखाली धरून पाहिले, कारण आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या एका आजोबांनी जन्मभर जमवलेला संग्रह विकायला काढला. माझी मुलं त्यांना मराठीतच ‘आजोबा’ म्हणतात, त्यांनाही ते आवडतं, म्हणून इथेही तेच म्हणते.

आजोबा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. सगळ्या अमेरिकी नाण्यांच्या मागे लागणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी एकच गोष्ट धरली: 1793 पासून 1814 पर्यंतचे तांब्याचे मोठे सेंट. हे सेंट आत्ताच्या पेनीसारखे चिमुकले नसतात. शुद्ध तांबं, रुंदीला जवळजवळ तीन सेंटिमीटर, आणि सुरुवातीचे तर साडेतेरा ग्रॅम वजनाचे. हातात घेतल्यावर ‘पैसा’ हातात आहे असं वाटतं. 1795 च्या अखेरीस तांबं महागलं म्हणून वजन 10.89 ग्रॅमवर आणलं, तरी तोही भारदस्तच.

यातला पहिला म्हणजे 1793 चा साखळी सेंट. नव्या देशाच्या टांकसाळीने चलनासाठी पाडलेलं हे पहिलं नाणं. छाप्याला मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी आणि काट्याच्या बाजूला पंधरा कड्यांची साखळी, कारण तेव्हा राज्यं पंधरा होती. एकीचं चिन्ह म्हणून साखळी घातली, पण लोकांना त्यात बेड्या दिसल्या. वर्तमानपत्रांतून टीका झाली, की स्वातंत्र्यासाठी हा अपशकुन आहे आणि देवीही घाबरल्यासारखी दिसते. काही आठवड्यांतच साखळी जाऊन तिथे पानांची वेल आली. तेवढ्या अवधीत 36,103 नाणी पडली होती. त्यातल्या सगळ्यात आधीच्या ठशावर देशाचं पूर्ण नावसुद्धा नाही, ‘अमेरि.’ एवढंच कोरून पुढे टिंब दिलंय. आजोबांच्याकडचा साखळी सेंट इतका झिजलेला, की देवीचा चेहरा नुसता सावलीसारखा. पण साखळी मात्र कडी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. झिजलेल्या अवस्थेतही या नाण्याला हजारो डॉलर पडतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ लागली ती 1794 च्या नाण्यांची. तेव्हा ठसे हाताने कोरत. एक ठसा फुटला की दुसरा कोरायचा, आणि कोणताही ठसा दुसऱ्यासारखा नाही: कुठे बट लांब, कुठे मागच्या बाजूच्या 1/100 या अपूर्णांकाची रेघ आखूड, कुठे पानाला देठ जास्त. हे बारीक फरक धरून एकाच वर्षाच्या सेंटांचे पन्नासाहून जास्त प्रकार संग्राहकांनी लावलेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिलाय. त्यातल्या 48 क्रमांकाच्या नाण्याच्या मागच्या बाजूला, अगदी कडेलगत, 94 इवलेसे तारे आहेत. ते कोणी आणि कशासाठी कोरले याची कुठेही नोंद नाही. आजोबांच्या नाण्यावर कड झिजून मोजके तारे उरलेत. दिवा तिरपा केला की एकेक दिसायला लागतो. ते नाणं त्यांनी माझ्या धाकट्याच्या हातावर ठेवलं आणि तारे सापडेपर्यंत काही बोलले नाहीत.

आमच्या नाशिकच्या तांबट आळीत वाढलेल्या कोणालाही या नाण्यांचा धातू ओळखीचा वाटेल. टांकसाळीची सुरुवातीची वर्षं फार ओढाताणीची होती. खाणीचं तांबं मिळेना, म्हणून मोडीतली भांडी, किटल्या, तुकडे असं जे मिळेल ते वितळवून पत्रा काढत. पुढे 1790 च्या दशकाच्या अखेरीपासून कोऱ्या चकत्या इंग्लंडहून येऊ लागल्या, बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो कारखान्यातून. बोल्टन हे नाव ऐकून मी आजोबांना थांबवलं. कारण त्याच कारखान्यात ईस्ट इंडिया कंपनीने 1791 आणि 1794 मध्ये मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून घेतले होते. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’. म्हणजे ज्या कारखान्यातल्या चकत्यांवर फिलाडेल्फियात स्वातंत्र्यदेवी उमटली, तिथूनच निघालेला यंत्रावरचा गुळगुळीत पैसा आपल्या ओबडधोबड शिवराईच्या शेजारी मुंबईच्या बाजारात फिरला. 1812 मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटल्यावर चकत्या यायच्या थांबल्या आणि 1815 सालाचा एकही सेंट नाही. आजोबांच्या मित्रांच्या खणांत त्या सालाची जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते.

आता विक्रीकडे येते. आजोबांना एक मुलगा आहे, पश्चिम किनाऱ्यावर. चांगला आहे, वरचेवर येतो, पण त्याला नाण्यांची गोडी नाही आणि तसं त्याने सरळ सांगितलं. आजोबांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की माणूस गेल्यावर कपाट उघडणाऱ्यांना साखळी सेंट आणि साधा झिजका सेंट यातला फरक कळत नाही आणि पहिला व्यापारी येतो तो सगळं ढिगाच्या भावाने नेतो. म्हणून विकायचं ते आपल्या हाताने, आपली नजर शाबूत असताना. इथे अनेक मोठ्या संग्राहकांनी हेच केलंय. वॉल्टर ह्युझॅक यांचे 301 मोठे सेंट फेब्रुवारी 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला लिलावात गेले आणि एक कोटी डॉलरच्या वर रक्कम झाली. उलट उदाहरणही आहे. 1943 मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायला सेंट पोलादाचे पाडले, पण चुकून काही ब्राँझच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या. त्यातला एक मॅसॅच्युसेट्समधल्या डॉन ल्यूट्स या शाळकरी मुलाला 1947 मध्ये शाळेच्या कँटीनमध्ये सुट्ट्या पैशांत मिळाला. त्यांनी तो सत्तर वर्षं सांभाळला. त्यांच्या निधनानंतर जानेवारी 2019 मध्ये तो 2,04,000 डॉलरला गेला आणि ती रक्कम त्यांच्या इच्छेप्रमाणे गावच्या ग्रंथालयासाठी होती.

आजोबांचा संग्रह या पंक्तीतला नव्हता. पण त्यात एक गोष्ट अशी होती, जी लिलाववाल्या बाईंनी पहिल्याच भेटीत ओळखली: कागद. प्रत्येक नाणं सुती अस्तराच्या चौकोनी पाकिटात, आणि पाकिटावर किंवा आतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात ते कोणाकडून आलं, कधी, किती डॉलरला, त्या माणसाकडे कोणाकडून आलं होतं. काही चिठ्ठ्या आजोबांच्या जन्माआधीच्या, शाईने लिहिलेल्या. एका नाण्याच्या पाकिटात पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांच्या चिठ्ठ्या होत्या. आजोबांची बोटं आता थरथरतात, म्हणून हे सगळं संगणकावर उतरवायचं काम मी घेतलं. शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे, ते वाचून दाखवायचे आणि मी लिहायचे. प्रत्येक चिठ्ठीला एक माणूस होता आणि प्रत्येक माणसाची गोष्ट त्यांना पाठ होती.

हे कागद म्हणजे हौस नव्हे. इथे जुन्या वस्तू विकून झालेल्या नफ्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, आणि नाणं मुळात कितीला घेतलं याचा पुरावा नसेल तर सगळीच रक्कम नफा धरली जाण्याची भीती असते. शिवाय खरेखोटेपणाची साक्षही कागदच देतो. नाण्यांना अवस्थेप्रमाणे 1 ते 70 गुण देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती याच मोठ्या सेंटांसाठी विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये मांडली. याच शेल्डननी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आलं. ते पकडलं गेलं जुन्या फोटोंमुळे. नोंद नसती, तर ज्याने सगळ्यांना मोजायला शिकवलं त्याची चोरी कोणालाही कळली नसती. आजोबा हा प्रसंग सांगताना अजूनही चिडतात.

मी लिहिता लिहिता मनाने घरी जायचे. शाळेच्या सहलीत आम्हाला अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत नेलं होतं, तिथली नाणी काचेआड नीट नोंदीसकट मांडलेली आठवतात. पण आपल्या घरांत काय चालतं? देव्हाऱ्यातल्या शिवराया दिवाळीला चिंच-मीठ लावून, नाहीतर पितांबरीने घासून लखलखीत करतात. ‘श्री राजा शिव’ अशी अक्षरं असलेलं नाणं, ज्याच्यावर शतकांचा तपकिरी थर चढलाय, ते एका सकाळी सोलून काढतात. तांब्याच्या नाण्याचं सगळं आयुष्य त्या थरात असतं. तो गेला की किंमत तर जातेच, पण कोरीवकामाच्या कडाही बोथट होतात. आजोबा मऊ केसांच्या कुंचल्यापलीकडे काही लावत नाहीत, आणि हिरवं जंगाल दिसलं तर तेलाचा थेंब टाकून दिवसचे दिवस वाट पाहतात. आणि ती शिवराई पणजीला कोणी दिली, कोणत्या गावच्या घराच्या पायात सापडली, हे विचारलं तर घरात एकालाही सांगता येत नाही. याचा मला खरोखर त्रास होतो. कितीतरी शिवराया तर तांबटाकडे वजनावर गेल्या.

लिलाव संगणकावरही झाला आणि सभागृहातही. आजोबांना सभागृहात जायचंच होतं, तेव्हा मी गाडी चालवली. आदल्या दिवशी माल बघण्याची वेळ असते. लांब टेबलं, प्रत्येकापुढे दिवा, आणि माणसं मान खाली घालून एकेक नाणं फिरवत बसलेली. कोणी मोठ्याने बोलत नाही. विक्रीसाठी नाणी आता गुणांकन कंपन्यांच्या सीलबंद प्लास्टिकच्या डब्यांत घातली होती, कारण अनोळखी खरेदीदाराला त्याचाच भरवसा वाटतो. आजोबांना ते आवडलं नव्हतं. तांब्याची नाणी जमवणारी जुनी मंडळी नाणं कडेला धरून, उघडं पाहतात आणि स्वतःचे गुण स्वतः देतात, तेही कंपन्यांपेक्षा हात राखून. मला त्यांचं पटतं. डब्यातल्या नाण्याचं वजन हाताला कळत नाही.

बोली मात्र भराभर होते. ज्या नाण्यासाठी आजोबा एकेकाळी रात्रभर गाडी चालवून गेले होते, ते अर्ध्या मिनिटात गेलं. पडलेल्या बोलीवर खरेदीदाराला साधारण 20 टक्के आणखी द्यावे लागतात, त्यामुळे जाणकार मंडळी तो हिशोब मनात धरूनच हात वर करतात. साखळी सेंट अपेक्षेपेक्षा वर गेला. 1799 चा, जो या मालिकेतला सगळ्यात दुर्मीळ सालाचा समजतात, तो थोडा खाली. आजोबा कॅटलॉगमध्ये पेन्सिलने आकडे लिहीत होते आणि तोंडाने फक्त नाण्याचा क्रमांक पुटपुटत होते.

ताऱ्यांचा सेंट एका तरुण मुलीने घेतला. लिलाव संपल्यावर ती शोधत आली आणि नमस्कार-चमत्कार न करता तिने पहिला प्रश्न विचारला: देवीच्या गळ्यापाशी जी बारीक खोच आहे, ती तुमच्याकडे आली तेव्हा होती का? आजोबा खुर्चीत सरसावून बसले. होती. त्यांच्या आधीच्या मालकाच्या चिठ्ठीतही तिचा उल्लेख आहे. तिने चिठ्ठ्या मागितल्या. त्या नाण्याबरोबरच जाणार होत्या, पण तिला त्या तिथल्या तिथे वाचायच्या होत्या. मग दोघं बराच वेळ एका टेबलाशी बसले. तिने नव्या चिठ्ठीवर आजोबांचं नाव लिहिलं, त्याखाली स्वतःचं, आणि त्यांना स्पेलिंग तपासायला दिलं.

घरी येताना मी विचारलं, की रिकामं वाटतंय का? ते म्हणाले, थोडं. मग लगेच वसंतात होणाऱ्या संग्राहकांच्या संमेलनाबद्दल बोलायला लागले. या वर्षी त्यांच्याकडे मांडायला एकही नाणं नाही, तरी 1794 च्या ठशांवर बोलायला त्यांना बोलावलंय. ती मुलगीही तिथे येणार आहे, नाणं घेऊन. तिचं म्हणणं आहे, की आजोबांनी मोजले त्यापेक्षा एक तारा जास्त दिसतो. आजोबा म्हणतात, तो तारा नाही, डाग आहे.