तुम्ही विचारलंत म्हणून: गोवा वेगळा देश व्हायला हवा का?

मंगेशीचं दर्शन झालं की पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्या सोप्यावर टेकतात, कोकम सरबत घेतात आणि कधीतरी हा प्रश्न येतोच. तुमचं सगळंच वेगळं, मग गोवा स्वतंत्र देश का नसावा? ते विचारतात कुतूहलानं. हल्ली माझ्या भाच्याच्या वयाची गावातली मुलंही हेच विचारतात, पण रागानं. दोघांनाही माझं उत्तर एकच आहे: नको.

वेगळेपण मात्र खरं आहे, ते मी कुणाला कमी करू देणार नाही. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यातून आलेले नियम अजून आमच्या लग्नांना आणि वारशांना लागू आहेत. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो. माझ्या आईनं सही केली नसती तर बाबांना कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, वीतभर तुकडाही विकता आला नसता. घरात आम्ही कोंकणी बोलतो आणि देवापुढे पोथी मराठीत वाचतो. यातलं काय आपलं आणि काय परकं, असं आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही.

पण वेगळं असणं आणि कुंपण घालून घेणं यांत मोठं अंतर आहे, आणि कुंपण काय असतं ते आमच्या घरानं पाहिलंय. माझी आत्या सावंतवाडीला दिलेली. 1954 नंतर भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचं माहेर तिला परदेश झालं. आजी गेली तेव्हा तिला निरोप चौथ्या दिवशी पोचला. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतरच्या पहिल्या चतुर्थीला आत्या आली ती थेट आजीच्या खोलीत गेली आणि दार लावून बसली. आमची सोयरीक सावंतवाडी, वेंगुर्ला, कारवार अशी पसरलेली आहे. शांतादुर्गा, म्हाळसा, मंगेश यांची कुळं महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सगळीकडे आहेत. मंगेश तर स्वतःच हद्द ओलांडून आला. 1560 च्या सुमारास कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला, कारण आमचा अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा भाग, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. देवाला पुन्हा हद्दीत कोंडायचं म्हणजे नेमकं कुणासाठी?

पाण्याचंही तसंच. म्हादई उगम पावते कर्नाटकात, खानापूरच्या रानात. तिळारीचं धरण महाराष्ट्रात दोडामार्गला, आणि त्याच्या कालव्यांतून पाणी उत्तर गोव्यात येतं. म्हादईच्या वाटपावर आम्ही भांडतोय, 2018 चा लवादाचा निवाडा आम्हाला पटलेला नाही, तरी भांडायला लवाद आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. 3,702 चौरस किलोमीटरचा देश वरच्या अंगाच्या शेजाऱ्याशी कुठल्या कोर्टात भांडणार?

महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित आवडणार नाही अशी एक गोष्टही सांगते. 16 जानेवारी 1967 ला आमच्याकडे जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. बाबा मराठी शाळेचे मास्तर, त्यांनी फुलावर मत दिलं आणि गावात घरोघर फिरून फुलाचा प्रचार केला. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. बाबा हरले. कित्येक वर्षं त्यांना ते लागून राहिलं होतं. 30 मे 1987 ला घटक राज्य झालं तेव्हा मी त्यांना विचारलं, अजून वाईट वाटतं का? म्हणाले, ‘मराठी गेली नाही ना, मग झालं.’ आज मला वाटतं, बाबा हरले हे बरं झालं. विलीन झालो असतो तर एका मोठ्या राज्याच्या कोपऱ्यातला एखाद-दुसरा जिल्हा झालो असतो. आज आमच्या विधानसभेत चाळीस आमदार आहेत, त्यांना दारात उभं करून जाब विचारता येतो. आणि आमच्या देवळातलं भजन, शिगम्याच्या दिवसांतली नाटकं, लग्नाच्या पत्रिका, सकाळचं वर्तमानपत्र हे मराठीतच राहिलं. राज्याची हद्द वेगळी झाली म्हणून ओवी विसरली गेली नाही.

मग त्या मुलांचा राग खोटा आहे का? नाही. तो हातातून जाणाऱ्या जमिनीचा राग आहे, देशाचं नाव त्याला उगाच चिकटलंय. घटनेत नागालँडसाठी कलम 371-ए आहे, मिझोरामसाठी 371-जी आहे. तिथे जमिनीची मालकी आणि हस्तांतर याबाबतचा संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होत नाही. आमच्यासाठी 371-आय आहे. त्यात काय लिहिलंय? विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य नसावेत, एवढंच. जमिनीबद्दल एक अक्षर नाही. मला झेंडा नको, पासपोर्ट नको, त्या कलमात जमिनीबद्दलची चार वाक्यं हवीत. डोंगर कापायच्या आधी ग्रामसभेचं ‘नको’ हे नकोच धरलं जाईल, एवढी ताकद हवी. मुलांना मी हेच सांगते की रागवा, पण तो राग या मागणीला लावा.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या वरचं कुळागर विकलं गेलं. त्याचा पाट आमच्या पोफळींना पाणी देतो. साफसफाईची वेळ झाली म्हणून विचारायला गेले, तर फाटकाला कुलूप होतं. तीनदा गेले. शेवटी भाच्याला घेऊन बाहेरच्या बाजूनं जमेल तेवढा पाट आम्हीच उपसला.