कंबरलंड टेरेसचं मॉडेल, भाग ३: गिलावा जमला, रंग ठरला, सहा खांब झाले

मंडळी, मागच्या भागानंतर अडीच महिने काही टाकलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच, दोन वेळा अख्खी दर्शनी भिंत फेकून द्यावी लागली. आता तिसरी उभी आहे आणि ती टिकतेय असं दिसतंय म्हणून लिहायला बसले.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी पटकन. कंबरलंड टेरेस लंडनला रीजंट्स पार्कच्या पूर्व बाजूला आहे, १८२६ सालचं बांधकाम. टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे, तिकडे एकाला एक भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेला टेरेस म्हणतात. आराखडा जॉन नॅशचा, जागेवर प्रत्यक्ष काम बघणारा आर्किटेक्ट जेम्स थॉमसन, आणि बांधणारा विल्यम माउंटफर्ड नर्स. तीन मोठे ब्लॉक, त्यांना जोडणाऱ्या कमानी, मधल्या ब्लॉकवर भलामोठा त्रिकोणी माथा आणि त्यात मूर्ती. आत सगळी वेगवेगळी घरं, पण पार्कातून बघितलं की एकच राजवाडा वाटावा अशी सगळी रचना. आणि हा राजवाडा उभा आहे विटांवर, वरून नुसता गिलावा, म्हणजे स्टको.

मी अख्खी रांग करत नाहीये. मधला त्रिकोणी माथ्याचा भाग आणि दोन्ही बाजूची दोन-दोन घरं, १:१०० स्केल, फक्त दर्शनी बाजू आणि मागे चार बोटं खोली. फक्त दर्शनीच का असं मागे एकाने विचारलं होतं. एक तर माझ्याकडे जागा तेवढीच आहे. दुसरं म्हणजे दुसऱ्या महायुद्धात या टेरेसेसचं खूप नुकसान झालं, बॉम्ब, ओल, कुजलेलं लाकूड, आणि त्या ठेवायच्या की पाडायच्या हा प्रश्न होता. १९४७ मधे, याच प्रश्नासाठी सरकारने नेमलेल्या गोरेल समितीने ठेवा असं सांगितलं. मग पुढे लुई द स्वासों या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली, त्यात दर्शनी भाग राखले आणि आतलं बरंच नवीन बांधलं. म्हणजे आज तिथे जे १८२६ चं बघायला आपण जातो ते मुख्यतः हे तोंडच आहे, तर मी तोंडच करतेय.

मापांचा घोळ मागच्या भागात अर्धवट राहिला होता तो आधी पूर्ण करते. विटांच्या इमारतीचं मॉडेल करताना आपण सगळे एकच युक्ती वापरतो, फोटोत विटांचे थर मोजायचे आणि उंची काढायची. स्टकोमधे वीटच दिसत नाही! पहिले पंधरा दिवस मी याच्यावरच अडले होते. गिलाव्यावर दगडांचे सांधे आखलेले असतात पण ते खोटे सांधे, त्यांचं माप काही ठरलेलं नाही, त्यामुळे त्याच्यावरून काही काढता येत नाही. शेवटी माझी लेक तिकडे असते तिला सांगितलं की दाराच्या शेजारी, रेलिंगच्या जवळ उभी रहा आणि नवऱ्याला समोरून लांबून झूम करून फोटो काढायला सांग, जवळून काढू नको, जवळून काढला की वरचे मजले निमुळते दिसतात. तिची उंची पाच फूट तीन इंच, त्याच्यावरून तळमजला काढला, तळमजल्यावरून वरचं सगळं. मागच्या बाजूला साधी वीट आहे, पिवळसर करडी, तिकडचा एक फोटो घेऊन थर मोजून ताळा केला, साधारण चार थराला एक फूट धरायचं. दोन्हीत फरक आला तो मॉडेलवर दीड मिलिमीटरचा, तेवढा मला चालतो.

गेल्या वर्षी जूनमधे मी स्वतः तिथे गेले होते, लेकीकडे सहा आठवडे होते तेव्हा. आधी किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेबांचं घर बघितलं, १० नंबरचं, १९२१-२२ मधे शिकायला असताना ते तिथे राहत होते आणि २०१५ मधे आपल्या राज्य सरकारने ते विकत घेतलं. तिथून प्रिमरोझ हिलवरून चालत उतरलं की कालवा ओलांडून रीजंट्स पार्क लागतं. बागेच्या कडेकडेने आम्ही दक्षिणेकडे येत होतो, संध्याकाळचे सात वाजले होते आणि तिकडे जूनमधे सात म्हणजे चांगलं ऊन. झाडांच्या मागून हे पांढरट पिवळं काहीतरी दिसायला लागलं ते संपेचना. मी तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढलीयेत, एलेव्हेशन, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूचं चित्र, किती काढले त्याला हिशोब नाही, पण एलेव्हेशन इतका लांब आणि तरी न कंटाळवाणा असू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि तेव्हाच लक्षात आलं की हे सगळं सावल्यांवर चाललंय. टेरेस पार्कच्या पूर्वेला म्हणजे तोंड पश्चिमेला. सकाळी तोंड सावलीत असतं, लेकीने पहिले फोटो सकाळी नऊला काढले होते आणि ते इतके सपाट आले होते की मला कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या वरची पुढे आलेली आडवी पट्टी, किती पुढे आलाय तेच कळत नव्हतं. संध्याकाळी ऊन तिरकं येतं आणि मग प्रत्येक खांबाची सावली मागच्या भिंतीवर पडते, खिडकीच्या वरची पट्टी, कठडा, सगळं एकेक सुटं होऊन पुढे येतं. दगडात असतं तर दगडाचा पोत, रंगातला फरक, शिरा यांनी थोडं काम केलं असतं. स्टकोला पोत नाही, रंग एकच. त्याच्याकडे फक्त पुढे-मागे असणं आहे. म्हणून मॉडेल करणाऱ्यांना सांगते, स्टकोची इमारत घेतली तर खोली अर्ध्या मिलिमीटरनेसुद्धा चुकवू नका, पातळ कार्ड वापरून मोकळे होऊ नका. माझी पहिली भिंत मी याच कारणाने टाकली, कॉर्निस तीन मिमी पुढे हवा होता आणि मी दोन ठेवला होता, लॅम्प डावीकडून लावला तर सावली खिडकीच्या कमानीपर्यंत पोचतच नव्हती.

दुसरी भिंत गेली ती गिलाव्यामुळे. मी माउंट बोर्डवर, म्हणजे फ्रेमवाले वापरतात त्या जाड पुठ्ठ्यावर, सरळ वॉल पुट्टी लावली, आपली घरात लावतो ती लांबी, पाण्यात कालवून. रात्रीत बोर्ड पापडासारखा वळला आणि सुकल्यावर बारीक भेगा. आता काय करतेय ते सांगते, ज्यांना करायचंय त्यांनी असंच करा. बोर्डला आधी दोन्ही बाजूंनी लाखेचं पॉलिश मारायचं, दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं, एकाच बाजूने मारलं तरी वळतो. ते पूर्ण सुकू द्यायचं, मी एक दिवस ठेवते. मग पुट्टीत थोडं फेविकॉल, साधारण चार भाग पुट्टीला एक भाग, पाणी अगदी जेमतेम, आणि जुन्या एटीएम कार्डाने एकदम पातळ थर. पहिला थर खरवडलेला, दुसरा गुळगुळीत. अर्धा-पाऊण मिमीच्या वर जायचं नाही.

सांधे कधी आखायचे हा खरा प्रश्न होता. पूर्ण ओल्यात आखले तर कडा उचकटतात, पूर्ण सुकल्यावर आखले तर पुट्टीचे टवके उडतात. माझ्याकडे इथल्या उन्हाळ्यात वीस ते पंचवीस मिनिटांनी ती वेळ येते, बोटाने दाबलं तर ठसा उठतो पण बोटाला काही लागत नाही. तेव्हा बोथट सुई आणि स्टीलची पट्टी घेऊन भराभर ओढायचं. एका वेळी हातभर भिंतसुद्धा होत नाही, म्हणून तळमजला मी पाच तुकड्यात केला, जोड खांबांच्या मागे लपवले.

हे करताना त्या वेळच्या गवंड्यांचा विचार सारखा मनात येत होता. त्या काळातल्या लंडनच्या स्टकोत रोमन सिमेंट खूप वापरलं जायचं. नाव रोमन पण रोमशी काही संबंध नाही, जेम्स पार्कर म्हणून एकाने १७९६ मधे त्याचं पेटंट घेतलं. समुद्रकाठच्या चिकणमातीत चुन्याचे गोटे सापडतात, शेपी बेटावर, हार्विचकडे, ते भाजून दळायचे. हे सिमेंट दहा-पंधरा मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. आपल्याकडचा चुन्याचा गिलावा माहितीये ना, वाड्यांचा, चुना घाण्यात मळायचा, मुरत ठेवायचा, लावल्यावर दिवसेंदिवस घोटत बसायचं. तिकडे उलटं, कालवलं की लावलंच पाहिजे. म्हणजे उंच परांचीवर उभं राहून इतक्या लांबलचक कॉर्निसचा साचा ओढायचा आणि हात थांबवायचा नाही. मला हातभर भिंतीला धाप लागली, त्या लोकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत पण माझ्या मनात नॅशच्या बरोबरीने ती माणसं आहेत.

नॅशबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. तरुणपणी त्याने ब्लूम्सबरीत ग्रेट रसेल स्ट्रीटवर स्टकोची घरं बांधली होती, त्या व्यवहारात बुडाला आणि १७८३ मधे दिवाळखोर ठरला. लंडन सोडून वेल्सला गेला, तिथे परत पहिल्यापासून सुरुवात. आणि साठीच्या आसपास, १८११ मधे राजाच्या मालकीची मॅरिलबोन पार्कची जमीन, म्हणजे आजचं रीजंट्स पार्क, भाडेपट्टा संपून परत आली तेव्हा तिचा आराखडा याचा मंजूर झाला. ज्या गिलाव्याने बुडवलं त्याच गिलाव्याने त्याने अर्धं लंडन सजवलं. त्या काळात लोक म्हणायचे की सम्राट ऑगस्टसने विटांचं रोम संगमरवराचं केलं आणि आमच्या नॅशने विटांचं शहर प्लास्टरचं केलं. मला ही टीका पटत नाही. वीट उघडी टाकायची नव्हती, एवढ्या लांबीला दगड आणायचा तर खर्च कोण करणार होतं, बिल्डर स्वतःच्या जोखमीवर बांधत होते. गिलावा हेच त्याचं खरं मटेरियल होतं आणि ते त्याला फार चांगलं कळलं होतं. गिलाव्याला निगा लागते हे खरंय, पाणी आत गेलं की फुगतो, पण निगा लागणं हा दोष नाही, आपल्या मातीच्या भिंतींनाही दरवर्षी हात फिरवावा लागतो.

आता रंग. यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवलेत. आज तुम्ही गेलात तर क्रीम रंग दिसतो, चकाकणारा ऑइल पेंट, पार्कभोवतीच्या सगळ्या टेरेसेसना जवळपास एकच, आणि माथ्याच्या त्रिकोणात निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या मूर्ती. दिसायला सुंदरच आहे. पण रोमन सिमेंट मुळात तपकिरी असतं, आणि त्या काळात त्याच्यावर रंग द्यायचे तो तिकडच्या बाथ गावच्या दगडासारखा दिसावा म्हणून, मधाळ पिवळसर. म्हणूनच तर ते सांधे आखलेत! दगडाचे तुकडे रचल्यासारखं दिसायला हवं होतं. आजच्या जाड क्रीम रंगाच्या थरांखाली ते सांधे बऱ्याच ठिकाणी बुजल्यासारखे झालेत, मी जवळ जाऊन बघितले तेव्हा काही नुसत्या पुसट रेघा वाटत होत्या.

मग मी आजचं करायचं की १८२०च्या दशकातलं? तीन तुकडे रंगवून बाल्कनीत ठेवले. पहिला क्रीम आणि वर ग्लॉस वार्निश: खेळण्यातला दिसायला लागला, चकाकी स्केलला मोठीच वाटते. दुसरा क्रीम मॅट: बरा, पण सांधे आखलेत ते कशासाठी हेच कळेना. तिसरा पिवळा गेरू, पांढरा आणि चिमूटभर बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी, एकदम मॅट, आणि वाळल्यावर काही दगड मुद्दाम किंचित गडद, काही किंचित फिके. तिसरा तुकडा ठेवला आणि माझा नवरा, ज्याला या सगळ्यात काडीचा रस नाही, तो चहा घेऊन आला आणि म्हणाला हा दगड कुठून आणलास. ठरलं. तिसरा. त्रिकोणात निळा रंग देणार नाही, तिथेही दगडाचाच रंग ठेवणार, हा माझा निर्णय आहे, कुणाला निळा करायचा असेल तर आजची टेरेस करताय असं समजून खुशाल करा.

खांब आयोनिक आहेत, डोक्याला दोन्हीकडे गुंडाळी असलेले. बारा मिमीची लाकडी दांडी ड्रिल मशीनमधे धरून सँडपेपरने वर निमुळती केली, खांब खालून वर सारखा जाड नसतो हे विसरू नका, सरळ ठेवला तर तो वर जाड असल्याचा भास होतो. गुंडाळ्यांसाठी रेझिनमधे थ्रीडी प्रिंट करून घ्या असं तिघांनी सुचवलं होतं. एक करून घेतलाही, पण तो बाकीच्या कामात उपराच वाटला. शेवटी क्विलिंगची, म्हणजे कागद गुंडाळून नक्षी करतात त्याची, पेपर पट्टी घेतली, तीन मिमी रुंदीची, सुईवर गुंडाळली, मधे थोडी सैल सोडली आणि पातळ पुट्टीचा हात दिला. एका खांबाला चार गुंडाळ्या, दोन पुढे दोन मागे. एका डोक्याला पाऊण तास लागतो. सहा झाले, रोज रात्री जेवणं आवरल्यावर एक.

जाता जाता, १६ नंबरच्या घरात १९३६ मधे वॉलिस सिम्प्सन राहत होती, जिच्यासाठी आठव्या एडवर्डने गादी सोडली ती. माझ्या मॉडेलमधे तो भाग येत नाही पण लेक विचारत होती म्हणून लिहिलं.

पुढचं काम म्हणजे माथ्यातल्या मूर्ती. त्या जेम्स जॉर्ज बब या शिल्पकाराच्या, मधे ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, आणि बाजूला कला, शास्त्रं, उद्योग यांच्या आकृत्या. १:१०० ला सगळ्यात मोठी मूर्ती जेमतेम अडीच सेंटीमीटर. एम-सीलचा एक नमुना केला तर चेहरा सोडा, हात कुठला आणि कापडाची चुणी कुठली तेच वेगळं होत नाहीये, माझा अंदाज असा की चुण्या आधी काढायच्या आणि हात वरून वेगळे बसवायचे. इतक्या छोट्या मूर्ती कुणी केल्या असतील, गणपतीच्या कारखान्यात काम केलेलं कुणी असेल तर उत्तमच, तर मळल्यावर किती वेळाने कोरायला घेता ते सांगा. मी दहा मिनिटांनी घेते आणि हत्याराला चिकटतं.