वाळवंटात धावायचे तर आधी घड्याळ पाहावे

फिनिक्सला राहायला येण्यापूर्वी वाळवंट म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्याच उभ्या राहत, आणि त्या भुसभुशीत वाळूत रोज धावायचे कसे, अशी मला खरोखरच चिंता होती. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील सोनोरन वाळवंटाच्या या भागात मऊ वाळू लागते ती बहुधा कोरड्या ओढ्यांच्या पात्रातच. बाकी सगळीकडे भाजून टणक झालेली जमीन, काळपट झाक आलेले खडक आणि त्यांच्यावर पसरलेली बारीक खडी असते. उतारावर या खडीवरून पाय असा सरकतो की सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांवरून चालल्यासारखे वाटते. दोन्ही बाजूंना पालो वेर्दे नावाची झाडे दिसतात, ज्यांची साल हिरवी असते आणि पाने गळल्यावर ती सालच पानांचे काम करते. आणि त्यांच्यामध्ये सवारो निवडुंगांचे उंच खांब उभे असतात. सवारोला पहिली फांदी फुटायलाच अनेकदा 50 ते 75 वर्षे लागतात, हे कळल्यापासून वाटेतल्या प्रत्येक फांदीकडे मी थोड्या आदराने पाहते.

नव्याने आलेले लोक मला चांगल्या वाटा विचारतात, तेव्हा मी आधी उलट विचारते की तुम्ही किती वाजता उठू शकता. किती किलोमीटर आणि किती चढ, हे प्रश्न येथे दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. ॲरिझोनात, नवाहो या मूळ अमेरिकी जमातीचा स्वायत्त प्रदेश सोडला तर, उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली जात नाहीत, त्यामुळे जूनमध्ये फिनिक्सला सव्वापाचच्या सुमारास सूर्योदय होतो आणि पाचच्या आधीच पायाखालचे दिसू लागते. दिवसातले सर्वांत कमी तापमान याच वेळी असते. संध्याकाळी सूर्य मावळला की धावू, असा विचार मी पहिल्या उन्हाळ्यात केला होता आणि तो साफ चुकीचा ठरला, कारण उष्णता दुपारी चार-पाचपर्यंत वाढतच जाते आणि दिवसभर तापलेले खडक, डांबर आणि काँक्रीट ती साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत परत देत राहतात. रात्री आठ वाजता डोंगराच्या पश्चिमेकडच्या कड्याजवळून गेल्यास नुकत्याच विझवलेल्या चुलीजवळून गेल्यासारखी धग अंगाला लागते.

2023 साली 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस येथील कमाल तापमान 43 अंश सेल्सिअसच्या वर राहिले. त्या महिन्यात मी शहरातल्या रस्त्यांवर धावणे पूर्ण बंद केले, परंतु पहाटे मोकळ्या जमिनीवरचे धावणे चालू ठेवता आले, कारण बांधकाम नसलेली जमीन रात्री लवकर निवते आणि थंड हवा जड असल्यामुळे खोलगट भागात उतरून साचते. कोरड्या ओढ्याला येथे 'वॉश' म्हणतात. पहाटे वाट अशा एखाद्या वॉशमध्ये उतरते, तेव्हा पाच-सहा पावलांतच घोट्यांना आणि मग गुडघ्यांना गार हवा लागते, आणि पलीकडच्या काठावर चढताच ती तितक्याच झटकन नाहीशी होते. हे एकदा अंगाने ओळखले की उन्हाळ्यातली वाट नकाशावरच्या वॉशच्या रेषा पाहून आखावीशी वाटते.

घड्याळाइतकेच महत्त्व दिशेला आहे. शहराच्या मधोमध असलेल्या 824 मीटर उंचीच्या कॅमलबॅक डोंगरावर जाण्यासाठी दोन मुख्य वाटा आहेत. पश्चिमेकडची एको कॅनियन सकाळी बराच वेळ डोंगराच्या सावलीत राहते, तर पूर्वेकडची चोला वाट उगवत्या सूर्याच्या थेट तोंडावर येते. पर्यटकांच्या दृष्टीने हा डोंगर फिनिक्सची खूण आहे, पण धावण्यासाठी मला तो मुळीच आवडत नाही. दोन्ही वाटांवर हाताने धरून चढावे लागणारे खडक आहेत, गर्दी सतत असते आणि उतरताना लय म्हणून लागत नाही. हौसेने एकदा जावे. जवळचाच पिएस्टेवा शिखराचा डोंगर त्यापेक्षा प्रामाणिक चढ देतो. सुमारे दोन किलोमीटरमध्ये जवळपास 360 मीटर उंची गाठावी लागते आणि पायऱ्यांसारखी रचना असल्यामुळे पायांची कसून परीक्षा होते. 2003 मध्ये इराकमध्ये मरण पावलेल्या लोरी पिएस्टेवा या होपी या मूळ अमेरिकी जमातीतल्या सैनिक महिलेचे नाव या शिखराला दिलेले आहे. अतितीव्र उष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी या दोन्ही डोंगरांवरच्या वाटा संध्याकाळी 5 वाजेपर्यंत बंद ठेवण्याची पद्धत शहराने 2021 पासून सुरू केली आहे, आणि या बंदीवर कुरकुर करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना फक्त माझा एक अनुभव सांगते; तो पुढे येईलच.

माझे खरे प्रेम साउथ माउंटनवर आहे. 16,000 एकरांहून मोठे असलेले हे उद्यान शहराच्या दक्षिणेला आडवे पसरलेले आहे. पूर्वेकडच्या पिमा कॅनियनच्या ट्रेलहेडपासून, म्हणजे वाट सुरू होते त्या जागेपासून, पहिले दोनेक किलोमीटर रुंद मातीचा रस्ता आहे, ज्यावर पाय मोकळे होतात, आणि पुढे नॅशनल ट्रेल डोंगराच्या कण्यावर चढते. डेझर्ट क्लासिक नावाची दुसरी वाट दक्षिण पायथ्याने वळणे घेत, असंख्य लहान वॉश ओलांडत, एका बाजूने साधारण 14 किलोमीटर जाते. हिवाळ्यात लांब पल्ल्यासाठी मला हिच्याइतकी चांगली वाट दुसरी सापडलेली नाही, परंतु दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे ती सकाळपासूनच तापते आणि उन्हाळ्यात तिच्या वाटेला जाऊ नये.

बंदीवर कुरकुर करणाऱ्यांना मी सांगते तो अनुभव नॅशनल ट्रेलचा आहे. जूनमधला रविवार होता, मला उठायला उशीर झाला, आणि ठरवलेले बुडवायचे नाही या हट्टापायी मी साडेसातला पिमा कॅनियनहून निघाले. पाठीवरच्या पिशवीत दीड लिटर पाणी होते आणि नेहमीच्या वेळेला ते पुरत असे. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, तो फुटताक्षणीच वाळतो, त्यामुळे आपण किती पाणी गमावत आहोत याची कल्पना येत नाही. कपड्यांवर उमटलेली मिठाची पांढरी रेघ हाच काय तो पुरावा. कण्यावर पोहोचेपर्यंत पिशवीच्या पाणी पिण्याच्या नळीतून हवा येऊ लागली होती. वाटेत कुठेही नळ नाही. परत फिरल्यावर उतारावरही माझ्या हृदयाचे ठोके खाली येईनात, बोटे सुजून अंगठी घट्ट झाली, आणि एका क्षणी उन्हात उभी असताना अंगावर काटा आला. त्या थंडीच्या शहाऱ्याने मला खरी भीती वाटली. एका पालो वेर्देच्या विरळ सावलीत मी दहा मिनिटे बसले, वरून उतरणाऱ्या एका वयस्क जोडप्याने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली, आणि मग मी चालत खाली आले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पाणी अर्धे संपले की, कितीही जवळ काही दिसत असले तरी, मागे वळायचे. आणि पाण्याबरोबर क्षारही घ्यायचे.

पिशवीत आणखी एक वस्तू कायम असते, ती म्हणजे केसांचा साधा प्लॅस्टिकचा कंगवा. टेडी बेअर चोला हा निवडुंग दुरून लोकरीसारखा मऊ दिसतो, परंतु त्याच्या कांड्या इतक्या सहज सुटतात की त्याला 'उडी मारणारा चोला' असेही म्हणतात. तो उडी मारत नाही; वाटेवर पडलेली कांडी आपल्याच बुटाला चिकटते आणि पुढच्या पावलाला दुसऱ्या पायाच्या पोटरीत घुसते. माझ्या पोटरीत अशी लिंबाएवढी कांडी रुतली, तेव्हा मी हाताने ओढायला गेले आणि ती बोटांतही रुतली. काट्यांच्या टोकांना मागे वळलेले सूक्ष्म दाते असतात, त्यामुळे ओढले की कातडीच तंबूसारखी वर येते. कंगव्याचे दात कांडी आणि कातडी यांच्या मध्ये सरकवायचे आणि शरीरापासून दूर एक झटका द्यायचा. तोंड बाजूला वळवून. उरलेले काटे घरी चिमट्याने काढायचे.

रॅटलस्नेक या विषारी सापाची भीती लोकांना अधिक असते, पण योग्य ती काळजी घेतल्यास तो बहुधा आपल्या वाटेने निघून जातो. उन्हाळ्यात तोही आपल्यासारखाच उन्हाला टाळतो, म्हणजे पहाटे आणि रात्री आपण आणि तो एकाच वेळी बाहेर पडतो. म्हणून हेडलॅम्प चांगल्या प्रकाशाचा असावा, खडकाच्या आड दिसत नसलेल्या जागी हात टेकू नये, आणि दोन्ही कानांत गाणी भरून धावू नये, कारण त्याने शेपटी खुळखुळवून दिलेली सूचना ऐकू आली पाहिजे.

उत्तरेला शेजारच्या स्कॉट्सडेल शहराचे मॅक्डॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह हे राखीव निसर्गक्षेत्र आहे. त्यातल्या ब्राउन्स रँच भागातल्या वाटा, गुळगुळीत गोटे आणि दाणेदार मुरूम यांवरून जाणाऱ्या, ट्रेल रनिंगची पहिलीच वेळ असणाऱ्याला मी आधी सुचवते. मात्र हे प्रिझर्व्ह सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुले असते, त्यामुळे अंधारात निघणाऱ्यांना ते उपयोगाचे नाही. पलीकडच्या मॅक्डॉवेल माउंटन रीजनल पार्कमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस हॅव्हलीना हंड्रेड ही 100 मैलांची शर्यत होते. स्पॅनिशमध्ये J चा उच्चार 'ह' होतो, त्या गमतीने नाव मात्र 'हंड्रेड'ऐवजी 'जंड्रेड' असे लिहितात. हॅव्हलीना म्हणजे येथील रानडुकरासारखा दिसणारा प्राणी. पहाटे त्यांचा कळप भेटला तर थांबून त्याला जाऊ द्यावे.

15 जूनपासून 30 सप्टेंबरपर्यंतचा काळ येथे अधिकृतपणे मान्सूनचा धरला जातो. मान्सून या शब्दाने आपल्या मनात जे उभे राहते, त्याच्याशी याचा फारसा संबंध नाही. दमटपणा वाढतो, घाम वाळेनासा होतो, रात्रीही उकडते, आणि एखाद्या संध्याकाळी वीस मिनिटे धुवांधार पाऊस पडतो. टणक जमीन पाणी शोषत नाही, त्यामुळे आपल्या डोक्यावर थेंबही पडलेला नसताना दूर डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी वॉशमधून लोंढ्याने येऊ शकते. ज्या वॉशची गार हवा जूनमध्ये हवीशी वाटते, त्याच वॉशपासून ढग दिसताच लांब राहावे. धुळीचे वादळ आल्यासही बाहेर पडू नये. येथील मातीतल्या एका बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर श्वासातून गेल्यास व्हॅली फीव्हर होतो आणि तो धावणाऱ्याला कित्येक आठवडे घरी बसवू शकतो. पावसानंतरच्या पहाटेचा मात्र मोह आवरत नाही. ओल्या क्रियोसोट झुडपाचा तो तिखट, डांबरगोळीसारखा वास काहींना नकोसा होतो. मी त्याची दोन-चार पाने चुरगळून हातात धरून धावते.

डोंगर शक्य नसतील अशा दिवसांसाठी कालवे आहेत. हजार वर्षांपूर्वी होहोकाम या येथल्या प्राचीन रहिवाशांनी या खोऱ्यात हाताने खणलेल्या कालव्यांच्या मार्गांवरूनच आजचे काही कालवे गेलेले आहेत, आणि त्यांच्या काठाने मैलोन्‌मैल सपाट वाट मिळते. एका काठावर बहुधा फरसबंदी असते, दुसऱ्यावर खडी. गुडघ्यांसाठी खडीचा काठ बरा. सावली जवळजवळ नाही, परंतु पाणवनस्पती खाण्यासाठी सोडलेले मोठे व्हाइट अमूर मासे पहाटे पृष्ठभागाजवळ येतात आणि शेपटीचा आवाज करतात, तेवढीच सोबत. हिवाळ्यात देखभालीसाठी कालव्यांचे काही भाग रिकामे केले जातात, तळाचा चिखल उघडा पडतो आणि त्याच्या वासात धावणे नकोसे होते. तेव्हा मी पुन्हा पिमा कॅनियनला जाते. जानेवारीत तेथे साडेसातला, म्हणजे जूनमधल्या त्या रविवारच्याच वेळेला, सूर्य नुकता उगवत असतो आणि पहिले दोन किलोमीटर हातमोजे घालून धावावे लागते.