तुम्ही विचारलंत म्हणून: 'जिप्सी' लिहावं की 'रोमा'?

युरोपातल्या बातम्या किंवा कादंबऱ्या मराठीत आणणारे हा प्रश्न वारंवार विचारतात. मुळात भारतातून गेलेल्या आणि शतकानुशतकं युरोपात राहणाऱ्या या समाजाबद्दल एकंदर लिहायचं असेल तर 'रोमा' लिहा. १९७१ च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तिथल्या प्रतिनिधींनी बाहेरच्यांनी दिलेली नावं नाकारून हेच नाव पुढे ठेवलं. ८ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिन त्याच परिषदेच्या आठवणीत पाळतात.

'जिप्सी' हा 'इजिप्शियन'चा अपभ्रंश. पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात पोचलेल्या टोळ्या आपण 'छोट्या इजिप्त'हून आलो असं सांगत, आणि लोकांनी ते इजिप्तच धरलं. १५३० साली इंग्लंडने त्यांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा केला, त्यातही ते 'इजिप्शियन'च आहेत. स्पेनमधलं 'हितानो' याच मुळातून आलं.

नावांचं दुसरं कुळ जास्त जखमी आहे. जर्मन 'त्सिगॉयनर', रुमानियन 'त्सिगान' ही नावं, बहुतेक अभ्यासकांच्या मते, ग्रीक 'अथिंगानोय'वरून आली. ते एका पाखंडी ठरवलेल्या पंथाचं नाव होतं, अर्थ 'स्पर्श न करणारे'. रुमानियाच्या भूमीवर रोमा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायद्याने गुलाम होते आणि तिथे 'त्सिगान' म्हणजे गुलाम, इतका तो शब्द त्यांना चिकटला. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत त्यांच्या हातावर गोंदलेल्या क्रमांकाआधी 'त्सिगॉयनर'चं आद्याक्षर, Z, असे. म्हणून हा शब्द आजच्या माणसांसाठी वापरूच नये. नाझी कागदपत्राचं भाषांतर करताना मात्र तो अवतरणात तसाच ठेवा. तिथे 'रोमा' घातलंत तर लिहिणाऱ्याचा द्वेष पुसला जातो.

'रोम' म्हणजे त्यांच्या भाषेत पुरुष, नवरा, आपल्यातला माणूस. बाई ती 'रोमनी', अनेकवचन 'रोमा'. भाषा 'रोमानी', कारण त्यांच्याकडे भाषेला जीभच म्हणतात, 'छिब', आणि ती स्त्रीलिंगी आहे. पुल्लिंगी 'रोमानो', अनेकवचनी 'रोमाने': आपल्या काळा-काळी-काळेसारखंच. नाक, कान, पाणी हे शब्द तर मराठी कानाला लगेच कळतात. 'रोम' हा 'डोम' या जुन्या भारतीय जातिनावावरून आला, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. सुरुवातीचा 'ड' रोमानीत 'र' झाला, आर्मेनियाकडच्या भगिनीभाषेत 'ल' झाला (लोम), पश्चिम आशियातल्या डोमारी भाषेत 'द' राहिला. पण यावरून 'रोमा म्हणजे आपले डोंबारी' असं लिहू नका, 'युरोपातले बंजारे' तर नकोच. शब्दाचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे, आणि गोर बंजारा हा वेगळा समाज आहे.

आता खरी अडचण. सगळेच स्वतःला रोमा म्हणवत नाहीत. जर्मनीतले जुने रहिवासी 'सिंती', म्हणून तिथे 'सिंती आणि रोमा' असं जोडूनच लिहितात. फ्रान्समधले 'मानूश', म्हणजे माणूस. फिनलंड, वेल्स आणि स्पेनमधले 'काले', म्हणजे काळे. काही नावं धंद्यावरून पडली: 'काल्डेराश' तांब्याच्या कढया घडवणारे, 'लोवारी' घोड्यांचे व्यापारी. मजकुरात असं नेमकं नाव असेल तर तेच ठेवा, त्याचं सरसकट 'रोमा' करू नका.

मराठीत नेहमी होणाऱ्या चुका तीन. एक, 'रोमा'चं 'रुमानियन' होतं. दोन्ही शब्दांचा संबंध नाही, रुमानिया हे नाव रोमन साम्राज्यावरून आलं. दोन, विशेषण म्हणून 'रोमन' लिहिलं जातं, लिहायचं 'रोमानी'. तीन, एकवचनी 'रोम' वाचला की आपल्याला इटलीची राजधानी आठवते, तेव्हा 'रोमा पुरुष', 'रोमा बाई' असंच लिहा.

'जिप्सी'चा अर्थ 'भटका' असाही करू नका. युरोपातले बहुतेक रोमा पिढ्यान् पिढ्या एका ठिकाणी राहतात. मात्र इंग्लंडमधली बरीच कुटुंबं स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात, स्पेनमधले 'हितानो' म्हणवतात. माणूस स्वतःबद्दल बोलत असेल तर त्याचाच शब्द ठेवा. ब्रिटनबद्दलच्या मजकुरात 'आयरिश ट्रॅव्हलर' आले तर त्यांना वेगळं काढा: ते मूळचे आयर्लंडचे, रोमा नव्हेत.