लॅबियाप्लास्टीनंतरचे सहा आठवडे

रंकाळ्याभोवती सायकल चालवताना होणारी चुरचुर आणि सोलवटलेली त्वचा मी कित्येक वर्षे कोणालाही सांगितली नव्हती. शेवटी राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंकडे गेले, तेव्हा लॅबियाप्लास्टीचे, म्हणजे आतील भगोष्ठ (योनीमुखाच्या दोन्ही बाजूंच्या त्वचेच्या आतल्या घड्या) लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचे, नाव काढण्याआधी त्यांनी कागदावर चित्रे काढून समजावले की, हे भगोष्ठ बाहेर दिसणे किंवा दोन्ही बाजू असमान असणे अगदी स्वाभाविक आहे. हे मला विशीतच कळायला हवे होते. केवळ दिसण्यासाठी, त्यातही नवऱ्याच्या शेऱ्यावरून कोणी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये म्हटले आहे की, अशा शस्त्रक्रियांच्या परिणामकारकतेबद्दल भक्कम पुरावा नाही, आणि हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे.

माझा त्रास खरा होता, म्हणून मी तयार झाले. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपली; टाके आपोआप विरघळणारे होते. पहिल्या आठवड्यात मात्र सूज इतकी होती की काहीतरी बिघडले या भीतीने मी रडले. लघवीला बसले की आग व्हायची, तेव्हा आई तांब्याने कोमट पाणी हळूहळू ओतत असे. त्या वेळी आमच्यातला सगळा संकोच गळून पडला. सहा आठवडे सायकल आणि शरीरसंबंध बंद होते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दुखरा व्रण, संवेदना कायमची बदलणे, हे धोके संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एकेक करून विचारून घ्यावेत. माझ्या डाव्या बाजूचा व्रण अजून किंचित बधिर आहे.